गंमत म्हणून पाठवलेला सोडा

४ मार्च

वहिनी,

खोकं आलं की आधी ते सरळ उभं ठेवा, आणि उघडताना मोठ्या भाऊजींच्या हाती कात्री देऊ नका. मागच्या वेळी त्यांनी खोक्याबरोबर आतली चादरही कापली होती. आत घरच्या घरी सोडा करायचं यंत्र आहे. वीज लागत नाही. मागचं झाकण काढून गॅसचा छोटा सिलिंडर हातानं फिरवत बसवायचा; घट्ट, पण पान्यानं नाही. बाटलीत रेघेपर्यंत पाणी भरायचं, तेही फ्रिजमधलं गार, कारण कोमट पाण्यात गॅस टिकत नाही. बाटली अडकवून वरचं बटण तीनदा दाबायचं, फुर्र आवाज होईपर्यंत. लिंबूबिंबू हवं तर नंतर पेल्यात. बाटलीत फक्त पाणी.

पुढचं आईंसाठी. आई, वहिनी हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत असणार, कारण तुमच्या घरात पत्र एकट्यानं वाचायची सोय नाही. टपालकचेरीत तीस वर्षं लोकांची पत्रं निवडून तुम्ही एवढा एकच नियम घरी आणलात, की दडवलेलं पत्र म्हणजे वाईट बातमी. झटक्यानंतर तुमची जीभ रुसली असेल, पण कान तर खणखणीत आहेत. तर ऐका. हे यंत्र मी निव्वळ गंमत म्हणून पाठवतेय. औषधबिषध काही नाही. दिवसातून चार वेळा ताठ बसून घोट घोट घ्या. ताजा ताजा करून घ्या, शिळ्याला मजा नाही.

इथे बाकी ठीक. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मला आता पातळ जेवणाच्या विभागात टाकलंय, म्हणजे दिवसभर सगळं वाटायचं आणि गाळायचं. ह्यांचं शीतगृहातलं काम चालू आहे. उन्हाळ्यातही स्वेटर घालून जातात, शेजारी हसतात.

तुमची धाकटी


१९ मार्च

धाकटे,

खोकं परवा पोचलं. कात्री मीच धरली. पण पुढे व्हायचं ते झालंच. ह्यांनी तुझं पत्र ऐकलं आणि बाटलीत आधी अख्खं लिंबू पिळलं. म्हणे, दोन कामं एकदम होतील. बटण दाबलं मात्र, कारंजं थेट छताला! ह्यांच्या चष्म्यावर लिंबाची बी, भिंतीवरच्या कॅलेंडरचा लगदा. पंचवीस वर्षं शहरभर बस चालवणारा माणूस, पण बाटलीपुढे ब्रेक लागला नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला. आई हसत होत्या. अर्धंच तोंड हललं, पण आवाज पूर्ण होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मग ह्यांनी नीट सोडा केला आणि आपल्याच पेल्यातून त्यांना दोन घोट पाजले. मी ओरडेपर्यंत गिळूनही झाले होते. ठसकासुद्धा लागला नाही. आनंदात माणसाला कुठला ठसका लागतोय म्हणा!

एरवी पाण्याचं म्हणशील तर रोजचीच लढाई आहे. साधं पाणी श्वासनळीत जातं, म्हणून डॉक्टरांनी पावडर घालून घट्ट पाणी द्यायला सांगितलंय. मी शिवणकाम करणारी बाई, मला ते कापडाला लावायच्या खळीसारखं दिसतं. आईंनाही तसंच लागत असणार. ओठ घट्ट मिटून घेतात आणि डाव्या हातानं पेला ढकलतात. पाणी पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर मागच्या खेपेला म्हणाले. आईंसमोरच म्हणाले. मामंजींना शेवटी नळी होती, ती आईंनी तीन महिने पाहिली आहे. त्या दिवशी परतताना रिक्षाभर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

तुझा सोडा मात्र त्या आपणहून मागतात. बोट दाखवतात त्या यंत्राकडे. मी देते, पण बेतानं. आजाऱ्याला सोसेल असंच देते, तू काळजी करू नकोस.

(जाणारी पत्रंही मी त्यांना वाचून दाखवते, पण या पत्रातला मधला परिच्छेद दाखवलेला नाही.)

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं आणि कारंज्यापाशी इतकी हसले, की वाटणाऱ्या बाईनं मिक्सर बंद करून काय झालं म्हणून विचारलं. आई हसल्या! हे मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते उठून बाल्कनीत गेले.

बेतानं देता ते छानच करता. एकदम गटागटा नकोच. सहज विचारते, त्यांचा खोकला कसा आहे? सोडा घेताना ठसका लागतो का? सहजच. आई, तुम्ही मान हलवून वहिनींना सांगा.

सिलिंडर साठ बाटल्या पुरतो म्हणतात. संपला की कळवा, दुसरा पाठवते.

तुमची धाकटी


२० एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी माझ्या शिवणाच्या दुकानात बसून लिहितेय. शेजारी चपला शिवणारे काका आहेत, त्यांचं ठोकणं चालू आहे, म्हणून अक्षर हलतंय.

आईंचं बरं नाही. खोकला वाढलाय. प्रत्येक पेल्याला ठसका, डोळ्यांत पाणी, मग दहा मिनिटं छातीत घरघर. जेवणही घटलंय. खांद्याची हाडं ब्लाउजमधून दिसायला लागली, मी दोन्ही बाजूंनी टीप मारून ब्लाउज लहान केले. घट्ट पाणी तर त्यांनी पूर्णच सोडलं. तुझा सोडा तेवढा घेतात, म्हणून मी तोच देते. निदान पोटात काहीतरी जातंय. पण आताशा त्याचाही पेला जवळ नेला की आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग घेतात. का बघतात कोण जाणे.

तुझ्या पत्रातलं ते 'सहज' मला खटकलं. एका पत्रात दोनदा सहज! तुला मी बारा वर्षं ओळखते. तू सहज काही विचारत नाहीस. सोड्याचा आणि खोकल्याचा संबंध काय? माहीत असेल तर सांग. नसेल तर उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

वहिनी


१ मे

वहिनी,

हे पाकीट मुद्दाम तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. आईंचा नियम मी पहिल्यांदा मोडतेय.

सोडा गंमत म्हणून नव्हता. इथे आमच्या इस्पितळात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. झटका आलेल्या माणसाचा घसा बधिर होतो, पाणी आलंय हे त्याला वेळेवर कळतच नाही, म्हणून ते भलत्या वाटेनं जातं, असं त्यांनी मला समजावलं. त्या काही काही रोग्यांना ताजा, चुरचुरणारा सोडा चमच्यानं देऊन बघतात. ती चुरचुर घशाला जागं करते. सगळ्यांना नाही, पण काहींना पाणी नीट गिळता येतं. एका आजोबांची नळी निघालेली मी डोळ्यांनी पाहिली आणि त्याच आठवड्यात यंत्र घेतलं. पण आधी तपासून, डॉक्टरांच्या देखत द्यायचं असतं. हे मला माहीत होतं आणि मी तुम्हाला लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? एक तर पत्र आईंसमोर वाचलं जाणार. औषध म्हटलं की त्या तोंड मिटणार, शिवाय आपला घसा बधिर झालाय हे त्यांनी माझ्या पत्रातून ऐकावं असं मला वाटेना. ही झाली सांगायची गोष्ट. खरी गोष्ट अशी, की मला तुमची भीती वाटली. सहा वर्षांपूर्वी मामंजींच्या आजारात मी फोनवर सारखी हे करा, ते करा सांगत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे ये आणि अंथरूण धू.' तुमचं खरं होतं. तेव्हापासून मी तुम्हाला साधं 'मीठ कमी घाला'सुद्धा सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र आल्यावर दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. पत्राला अकरा दिवस लागतात हे माहीत असून पत्र लिहितेय. बघा मी कशी आहे.

एक सांगा, सोडा ताजाच देता ना? गॅससकट? नसेल तर तो थांबवा आणि घट्ट पाणी पुन्हा सुरू करा. डॉक्टरांना सगळं सांगा.

धाकटी


१७ मे

धाकटे,

तुझं पाकीट दुकानात आलं तेव्हा मी दुकानात नव्हते. आईंना इस्पितळात ठेवून पाच दिवस झाले होते. भाऊजींना ह्यांनी फोनवर सांगितलंच आहे, छातीत पाणी गेलं, न्यूमोनिया झाला. ते फोनवरचं. आता पत्रातलं ऐक.

मी गॅस काढून टाकत होते.

रोज. सोडा करायचा, पेल्यात ओतायचा आणि चमच्यानं ढवळत बसायचं, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. दहा दहा मिनिटं. मामंजींचं पोट शेवटी नगाऱ्यासारखं फुगलं होतं, रात्रंदिवस कण्हायचे, तेव्हा डॉक्टरांनी ताकीद दिली होती, पोटात वारा धरेल असं काही देऊ नका. ते माझ्या मनात पक्कं बसलं. दुधानं तोंड पोळलं, मग मी ताकही फुंकायला लागले. बेतानं देते असं तुला लिहिलं ते हेच. आईंना यंत्राचा फुर्र आवाज आवडतो म्हणून आधी आवाज करायचा आणि मग त्यातलं सगळं काढून साधं पाणी पाजायचं. घट्ट पाणी बंद करून साधं पाणी! पन्नास दिवस. त्या माझ्या तोंडाकडे का बघायच्या ते आता कळलं. पहिल्या दिवशी ह्यांच्या पेल्यातून प्यायल्या तेव्हा लागली ती चव त्यांना हवी होती. बोलता आलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं.

तुझा राग आलाय. खोटं कशाला बोलू? एक ओळ लिहिली असतीस, 'वहिनी, गॅस महत्त्वाचा आहे', तर मी तुझ्या अंगावर ओरडले असते आणि ऐकलंही असतं. मी ओरडते त्याचं कोण एवढं मनावर घेतं! तू घेतलंस. ते वाक्य मी बोलले होते हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

पण याहून वाईट पुढे आहे. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, 'घट्ट पाणीच देत होता ना?' मी हो म्हणाले. चटकन तोंडातून गेलं. हे शेजारी उभे होते, नर्स लिहीत होती. माझं हो त्यांनी कागदावर उतरवलं. आता सगळे म्हणतात, घट्ट पाणीसुद्धा छातीत जातंय, म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही. सध्या नाकातून नळी आहे. आठ जूनला पोटात कायमची बसवणार. आई हात बांधून घेतात, म्हणजे नर्सच बांधते, कारण त्या नळी ओढतात.

मी खरं सांगितलं तर कदाचित त्यांना एकदा तपासतील, तुझ्या त्या सोड्यानंसुद्धा. ते मला कळतं. पण ह्यांच्या आईला मी या अवस्थेला आणलं, हे मी ह्यांच्या तोंडावर कसं सांगू? अकरा महिने त्यांचं सगळं मी केलं. न्हाऊमाखू घातलं, कूस बदलली, पाठीला एक फोड येऊ दिला नाही. सगळे म्हणतात, सून असावी तर अशी.

हे पत्र वाचून फाडून टाक.

वहिनी


२९ मे, जलद टपालानं

वहिनी,

पत्र फाडलेलं नाही. चार वेळा फोन केला. दरवेळी भाऊजींनी उचलला आणि तुम्ही दुकानात आहात म्हणाले. एकदा मागे तुमचा आवाज ऐकू आला. त्यांना मी काही सांगितलं नाही. ते तुमचं तुम्हीच सांगायचं आहे.

सहा वर्षांनी सल्ला देतेय, हव्या तेवढ्या शिव्या द्या. आठ तारखेच्या आधी डॉक्टरांना सांगा. सगळा दोष माझ्यावर घाला. म्हणा, धाकटीनं यंत्र पाठवलं आणि अर्धंच सांगितलं. ते खोटंही नाही. मला भाऊजी बोलतील, हे बोलतील, मी ऐकून घेईन. माझी इथली कामावरची मुख्य बाई मला रोज त्याहून जास्त बोलते. आईंच्या तोंडात एक घोट जाऊ शकत असेल आणि तो आपल्या दोघींच्या लाजेपायी अडत असेल, तर वहिनी, मला जन्मभर पाणी गोड लागणार नाही.

तुम्ही अकरा महिने केलंत ते कुठे जात नाही. ते मी कुणालाही सांगेन. पण ते वेगळं आणि हे वेगळं.

धाकटी


२१ जून

धाकटे,

तुझं पत्र चार तारखेला आलं. तशीच उठले, दुकानाला कुलूप लावलं आणि इस्पितळात गेले. हे आईंच्या उशाशी बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, पत्र आलंय. आणि घरच्या नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. हे एकच पत्र नाही, दुकानात आलेलं ते आधीचंही. मग माझं सतरा मेचं पत्र, जेवढं आठवत होतं तेवढं तोंडानं सांगितलं. एक वाक्य गाळलं नाही. तुझ्यावर दोष घालायला सांगितलंस तेही वाचलं, आणि घातला नाही.

ह्यांनी हातातल्या पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, 'चल, डॉक्टरांकडे मी येतो बरोबर.' एवढंच. बाकीचं अजून बोलायचंय त्यांना, मला दिसतं ते. जेवताना मीठ मागायचं झालं तरी स्वतः उठतात.

डॉक्टर रागावले. रागावतीलच. पण पोटातली नळी त्यांनी पुढे ढकलली, आणि न्यूमोनिया पुरता उतरल्यावर गिळणं तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. यंत्र ह्यांनी मांडीवर ठेवून बसमधून नेलं, प्रवासी म्हणून. बाईंनी आईंना ताठ बसवलं, हनुवटी खाली करायला लावली आणि ताजा सोडा चमच्यानं दिला. मी खिडकीपाशी उभी होते. पहिला चमचा. घसा हलला. ठसका नाही. दुसरा, तिसरा. चौथ्याला थोडा खोकल्या, बाई थांबल्या. दुसऱ्या दिवशी सहा चमचे गेले. आता रोज अर्धा पेला जातो, तीन वेळा मिळून. जेवण अजून नाकातल्या नळीनंच. पोटातली बसवायची की नाही ते महिन्याभरानं ठरेल. बाई म्हणतात, आशा धरा, पण घाई करू नका. हात आता बांधत नाहीत.

म्हणजे तुझं खरं ठरलं. हे मी तोंडानं कधी म्हणाले नसते, म्हणून लिहून ठेवते.

आता एक गोष्ट, जी बोलायला जीभ वळत नाही. त्या माझ्या हातून घेत नाहीत. नर्सनं चमचा पुढे केला की तोंड उघडतात. ह्यांच्या हातून घेतात. माझा हात आला की ओठ मिटतात. मला वाटलं, रागावल्या असतील, मी वाचून दाखवलं त्याचा राग. मी म्हटलं, 'आई, मारा मला डाव्या हातानं, पण प्या.' तर त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. कुरवाळलं मला. आणि चमचा जवळ नेला तर डोळे घट्ट मिटून मान मागे! त्या बाई म्हणाल्या, 'मनाला लावून घेऊ नका. पन्नास दिवस या हातानं गुदमरल्या आहेत. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, त्यांचा घसा घाबरतो.' राग असता तर बरं झालं असतं गं. रागाची समजूत काढता येते.

पंधरवड्यानं त्यांना घरी सोडणार. ह्यांची सकाळची पाळी आहे, साडेपाचला बाहेर पडतात ते दोनला येतात. तोवर दोन वेळचं पाणी कोण देणार? बाईमाणूस ठेवून बघू म्हणतात हे. मी म्हटलं, परक्या बाईच्या हाती देण्याआधी मी एकदा विचारते.

तू ये. महिनाभर तरी ये. मी आजवर तुला ये म्हणून कधी लिहिलं नाही, ऐकवण्यासाठी म्हटलं होतं तेवढंच. हे खरं बोलावणं आहे. अंथरूण, आंघोळ, कूस बदलणं सगळं मी करते, ते त्या मला करू देतात. तू फक्त सोडा पाज. मी बाटली भरून, बटण दाबून तुझ्या हातात देईन आणि खोलीबाहेर जाईन. इस्पितळातही हल्ली मी तेच करते. दाराबाहेर उभी राहते, आतून खोकल्याचा आवाज आला नाही की मगच कामाला जाते.

वहिनी